अध्यक्षांचं दालन

आमच्या नाट्यगृहाच्या अध्यक्षांनी उभ्या आयुष्यात एकही नाटक शेवटपर्यंत जागेपणी पाहिलं नाही, याबद्दल रत्नागिरीत दुमत नव्हतं. वाद होता तो एवढाच, की ते पहिल्या प्रवेशात झोपत की त्याच्याही आधी. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, की त्यांची हनुवटी खाली यायची, जणू दोन्हींची दोरी एकच होती. मध्यंतरात वड्याच्या वासाने जागे व्हायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "बरं चाललंय." शेवटचा पडदा पडला की सगळ्यांच्या आधी टाळी त्यांची. झोपेतून उठून इतक्या वेळेवर टाळी वाजवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एवढी एक कला त्यांच्या अंगी आहे, असं मी कित्येक वर्षं समजत होते.

गाव त्यांना आबा म्हणे. मीसुद्धा समोर आबाच म्हणे. पाठीमागे मात्र आमच्या हौशी नाटक मंडळात त्यांना 'अध्यक्ष' एवढंच नाव होतं, आणि ते उच्चारताना आम्ही नाकाचा जो आकार करायचो तो लिहून दाखवता येत नाही. आबांची लाकडाची वखार होती. सफारीच्या खिशात सदैव घडीची लाकडी फूटपट्टी. बोलताना ती फटाफट उलगडायची, समोरच्या भिंतीला, टेबलाला, कधी समोरच्या माणसालाही लावायची, आणि पुन्हा मिटायची. एकदा मी मंडळाचं निवेदन घेऊन गेले, तर त्यांनी आधी कागदाची लांबी मोजली. "फूटभर लिहिलंयस गो," म्हणाले, "मुद्दा किती इंचांचा?"

अठ्ठ्याण्णव साली नाट्यगृहासाठी सभा भरली, तिथून हे गृहस्थ आमच्या नशिबी आले. तोवर आमची नाटकं शाळेच्या पटांगणात कापडी मांडवाखाली व्हायची. पलीकडेच रस्ता. नायिका प्राण सोडत असायची आणि लांज्याची शेवटची गाडी हॉर्न देत यायची. लांज्याकडची मंडळी उठून, चपला शोधून, एकमेकांना हाका मारत निघून जायची, आणि मेलेली नायिका डोळे किलकिले करून कोण कोण गेलं ते बघायची. ती नायिका बहुतेक वेळा मी असे. टेलिफोन खात्यात दिवसभर 'हॅलो, हॅलो' करून संध्याकाळी मरायला उभी राहणारी.

तर त्या सभेत नाट्यगृह हवं यावर एकमत झालं आणि पुढाकार कोण घेणार म्हटल्यावर सगळे पंख्याकडे बघू लागले. आबा उभे राहिले. आमच्या मंडळाचे दिग्दर्शक, म्हणजे मास्तर, हायस्कूलात भूगोल शिकवत. त्यांनी भीतभीत विचारलं, "आबा, तुमचा नाटकाशी संबंध काय?"

"होतो मी गावच्या नाटकात. आठ वर्षं."

"काम कोणतं करायचात?"

"होतो म्हटलं ना! वकिली कशाला करतोस मेल्या?"

मास्तर खाली बसले. आम्ही ठरवून टाकलं, की आबा तिथे बाकं उचलत असणार, नाहीतर गॅसबत्त्यांना हवा मारत असणार. अध्यक्ष मात्र ते झाले. दुसरं कुणी उभंच नव्हतं.

भूमिपूजन दोनदा झालं. पहिलं एका पाहुण्यांच्या हस्ते झालं, म्हणून दुसरे पाहुणे रुसले. कोकणात जांभ्यात खड्डा मारायचा म्हणजे पहारी वाकतात, गडी कंबर धरून बसतात. आबांनी मारलेला खड्डा बुजवून घेतला आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या पाहुण्यांसाठी तोच पुन्हा मारून घेतला. नारळ दोन्ही वेळा त्यांनीच फोडला. पाहुण्यांच्या हातात दिला आणि पाहुण्यांनी दगडावर नेण्याआधी काढून घेतला. "एका घावात फुटला पाहिजे," म्हणाले, "तुम्हाला सवय नसते." पाहुणे हात तसाच पुढे धरून फोटोत उभे आहेत. तो फोटो अजून फोयरमध्ये आहे, जाऊन बघावा.

पुढे चार-पाच वर्षं बांधकाम चाललं आणि आबा रोज सकाळी तिथे फूटपट्टी घेऊन हजर. मास्तर विंगा मोठ्या करा म्हणून विनवायचे. "आबा, पात्रं उभी राहतात विंगेत. निदान सहा फूट तरी द्या."

"पात्रं काय आडवी उभी राहतात? दीड फूट पुष्कळ झाला."

शेवटी साडेतीन फुटांवर तडजोड झाली. आजही आमच्या नाट्यगृहात तलवार कमरेला लावलेला नट विंगेतून आत येताना एका कुशीवर वळून येतो. मुंबईचे समीक्षक त्याला आमची शैली समजतात.

पडदा मात्र आला तो थेट मुंबईहून. गर्द लाल मखमली, सोनेरी झालरीचा. त्या पडद्यावर आबांचा जीव. गावात कुणाकडे पाहुणे आले की त्यांना भाट्याचा समुद्र, थिबा राजाचा वाडा आणि मग आबांचा पडदा. आबा स्वतः तो वर-खाली करून दाखवत. "नाटक काय, तीन तासांचं," ते म्हणत, "पडदा वीस वर्षं टिकतो." मी एकदा म्हणाले, "आबा, मग नुसता पडदाच दाखवू या, नाटक कशाला?" त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं, ही खरी भीतीची गोष्ट.

आणि मग ते दालन. स्टेजच्या डाव्या हाताला, विंगेपासून चार पावलांवर, बारा बाय चौदाचं. दारावर सागवानी पाटी, तिच्यावर कोरलेलं 'अध्यक्ष'. आत सागवानी टेबल, सोफा, पंखा, स्वतंत्र न्हाणीघर, आणि भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा. जुबेदाने तो पहिल्यांदा बघितला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जुबेदा आमचं वेशभूषा खातं. राजिवड्याला घर, नवरा कुवेतला, दारात शिलाई मशीन. ती स्टेजवर कधी आली नाही, पण ती नसती तर आमच्यातलं कुणी धड कपड्यांत स्टेजवर गेलं नसतं. ती म्हणाली, "शैला, पुरुषाला दाढीपुरता आरसा लागतो. एवढ्या आरशात हा बघतो तरी काय?"

"पोट," मी म्हणाले. आम्ही दोघी हसलो आणि तो प्रश्न तिथेच सुटला असं समजलो.

उद्घाटनाचा दिवस मी विसरणार नाही. सत्काराला स्टेजवर सत्तावीस खुर्च्या होत्या, म्हणजे आमच्या नाटकातल्या पात्रांच्या जवळजवळ दुप्पट. भाषणं सुरू असताना आम्ही बायका रंगपट शोधत निघालो. रंगपट होता. एक. त्यात मास्तर आणि आठ पुरुष, बनियनवर. बायकांची खोली शोधत मी सगळी इमारत पालथी घातली. पंपाची खोली सापडली, पडदा धुवायला नेताना ठेवायची खोली सापडली, चपलांची खोली सापडली. शेवटी स्टेजच्या पायरीशी आबांना गाठलं.

"आबा, बायकांची खोली कुठे?"

"कुठल्या बायका?"

"नाटकातल्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घोड्यांची पागा कुठे म्हणून विचारलं असावं. "त्यांना वेगळी खोली कशाला लागते? आम्ही सगळे एकाच खोलीत नेसायचो, कुठे काय अडलं?"

तेवढ्यात माइकवर त्यांचं नाव पुकारलं आणि ते हार घ्यायला गेले. माझं डोकं संतापाने इतकं तापलं होतं, की ते काय बोलून गेले तिकडे माझं लक्षच नव्हतं.

पुढची दोन वर्षं आम्ही जिन्याखाली कपडे बदलले. जुबेदा आणि आणखी एक जण चादर धरून उभ्या राहायच्या. एकदा चादर धरणारीला शिंक आली आणि वॉचमन पांडू पुढचा आठवडाभर माझ्या नजरेला नजर देईना. मग मी घरूनच नेसून यायला लागले. मारुती मंदिराच्या नाक्यावर भर दुपारी, डोक्यावर मुकुट, गळ्यात कवड्यांएवढे मोती, रिक्षात बसलेली महाराणी! राम आळीतले दुकानदार मुजरा करायचे. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "ताई, मुकुट जरा काढा, टपाला भोक पडेल." मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. पण मजा वाटायला माझं वय आणि माझं तोंड लागतं. बाकीच्या एकेक गळत गेल्या. पाच बायकांच्या तीन झाल्या. मास्तर नाटकं शोधताना आधी स्त्रीपात्रं मोजायला लागले.

त्या सुमारास वैजू आली. मालगुंडची, बावीस वर्षांची, इथल्या एका पतपेढीत कामाला. वाचनाला पहिल्या दिवशी तिने दोन पानं वाचली आणि मी माझी मुख्य भूमिका माझ्या तोंडाने तिला देऊन टाकली. माझ्या बाबतीत असं त्याआधी घडलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मास्तरांनी स्वतः लिहिलेलं राणीचं नाटक होतं ते. वैजू पतपेढीच्या काउंटरवर पासबुकं भरताभरता संवाद पुटपुटायची. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई, आमच्यावर एवढ्या चिडू नका.

प्रयोगाच्या आठवडाभर आधी तिचे वडील मंडळात आले. शेतकरी माणूस, धुतलेला सदरा, हातात पिशवीभर कोकमं. शांतपणे म्हणाले, "मुलीला हौस आहे, करू दे काम. माझी ना नाय. पण जिन्याखाली चादरीआड माझी मुलगी उभी राहणार नाय. खोली असूद्या, आतून कडी असूद्या. रविवारी तीनला मी येतो. खोली बघतो. नसली तर तिला घेऊन जातो."

यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. मला राग आला तो ते आम्हाला इतक्या उशिरा कुणीतरी सांगितलं याचा. वैजू कोपऱ्यात उभी राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. तिच्या जागी उभं करायला दुसरी मुलगी नव्हती, आणि असती तरी मला नको होती.

मी आबांकडे गेले. "आबा, रविवारी दुपारपुरतं तुमचं दालन द्या."

"ही खोली अध्यक्षांची आहे."

"तुम्ही तर त्या वेळी पहिल्या रांगेत झोपलेले असता."

फूटपट्टी फटाफट उलगडली. "शैला, अध्यक्ष म्हणजे संस्था. आज बायका आल्या, उद्या तबलजी येतील, परवा चहावाला येईल. संस्थेला मग बसायला जागा काय?"

"मुलगी जाईल आबा. गुणी मुलगी आहे."

"मुली पुष्कळ," ते म्हणाले आणि टेबलाची कड मोजू लागले. मोजलेलीच होती. वखारीतून निघाली तेव्हाच.

रविवारी आम्ही दालन घेतलं. लढाई वगैरे झाली नाही. पांडूकडे किल्ली होती, आणि त्या शिंकेपासून तो मला नाही म्हणू शकत नव्हता. दोन वाजता तीन बायका आणि जुबेदा पेट्या घेऊन आत शिरल्या आणि आतून कडी लावली. मी नेसून बाहेर पहारा करत उभी. सगळं छान चाललं होतं, फक्त नऊवारी नेसवणाऱ्या लांज्याच्या काकूंची गाडी वाटेत बंद पडली. वैजूला राणी म्हणून घोड्यावरून उतरायचं, तलवार चालवायची, पळायचं होतं. कासोटा पक्का हवा. माझ्या पिढीच्या बायकांनी नऊवारी बघितलेली असते ती आजीच्या फोटोत. मी स्वतः जी नेसले होते ती नेसल्यासारखी गुंडाळली होती, आणि मी म्हातारी दासी असल्यामुळे हलणार नव्हते.

बरोबर तीनला वैजूचे वडील आले. मी हसतमुखाने दार दाखवलं. "ही बायकांची खोली. आतून कडी आहे, ऐका हवं तर." त्यांनी पाटी वाचली. "अध्यक्ष?" मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात बोळाच्या दुसऱ्या टोकाने अध्यक्ष स्वतः आले. दुपारच्या वामकुक्षीसाठी.

दार उघडेना. त्यांनी फूटपट्टीने ठोकलं. "कोण आहे आत?"

"बायका," आतून जुबेदा.

"कोणाला विचारून?"

"तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात. म्हणून मग नाही विचारलं."

"दार उघड!"

"साड्या फेडलेल्या आहेत आबा. यायचं तर या."

आबा एक पाऊल मागे सरले. वैजूचे वडील माझ्याकडे बघत होते. "ही खोली बायकांची ना, बाई?" त्यांनी विचारलं. आता आबा तोंड उघडणार, 'माझी खोली' म्हणणार, आणि पाच मिनिटांत वैजू मालगुंडच्या गाडीत बसलेली असणार.

आतून वैजूचा रडवेला आवाज आला, "जुबेदाभाभी, सुटलं परत!"

"घट्ट खोच ना!"

"कुठे खोचू? सगळंच खाली येतंय!"

फूटपट्टी धरलेला आबांचा हात वरच थांबला. त्यांनी मान कलती केली, एखाद्या गवयाने शेजारच्या खोलीतला बेसूर ऐकावा तशी.

"निऱ्या कोण घालतंय?" त्यांनी विचारलं. आवाज वेगळाच. त्यात संस्था नव्हती.

"मी," जुबेदा म्हणाली.

"किती बोटांच्या?"

"बोटांच्या कसल्या? हाताला येतील तशा."

"तरीच!" आबा दाराला जवळजवळ चिकटले. "सोड. सगळं सोड. पहिल्यापासून घे. कमरेला गाठ मार, वरती, बेंबीखाली गेलीस तर पळताना घसरेल. मारलीस? ओढून बघ. आता पदराचा अंदाज डाव्या खांद्यावर टाकून बघ. जास्त नको, राणी आहे, म्हातारी नाय. मग निऱ्या. चार बोटांच्या, एकसारख्या. घाई नको. मोज मोठ्याने."

आतून जुबेदा मोजू लागली. आणि बाहेर, बंद दारासमोर, सफारीतला तो पोट सुटलेला माणूस हवेत निऱ्या घालत होता. फूटपट्टी केव्हाच खाली पडली होती. चार बोटं सरसर मागेपुढे होत होती, दुसऱ्या हाताचा अंगठा प्रत्येक चुणीवर अलगद दाबून बसत होता. उजवा गुडघा किंचित वाकलेला, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. मी तीस वर्षं स्टेजवर बाई म्हणून वावरले आहे. बाई म्हणून इतकं सुंदर मला कधी उभं राहता आलं नाही.

"आता खालचं टोक पायातून मागे घे. चूण बारीक कर. खोच कमरेला, वरून खाली. खोचलंस? आता बस. पूर्ण खाली बस म्हणतो मी! आता उठ. सुटलं?"

"नाही," वैजू म्हणाली. आणि मग ओरडली, "नाही सुटलं!"

आबांनी श्वास सोडला. मागे वळले, तर वैजूचे वडील त्यांच्या हातांकडे बघत होते. "तुमी राणीचं काम करायचात," ते हळूच म्हणाले. "आमच्या वाडीत. मी तवा इतकासा होतो. मांडवाच्या मेढीला धरून बसलो होतो."

"कोण म्हणतो?"

"मी म्हणतो. माझ्या आयशीने तुमच्या कपाळाला कुंकू लावलंन होतं, देवीला लावतात तसं. तुमी रडलात की अख्खी वाडी रडायची."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी माणसं चोरीत सापडलेली पाहिली आहेत, पण इतकं ओशाळलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "त्याला झाली चाळीस वर्षं," ते पुटपुटले आणि वाकून फूटपट्टी उचलायला लागले. पहिल्यांदा हाताला लागलीच नाही.

वैजूच्या वडिलांनी दाराकडे तोंड केलं. "वैजू, ते सांगतायत तसं कर. त्यांना येतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी प्रेक्षकांत जाऊन बसतो. तिकीट लागतं काय?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे सगळं जागेवर बसलं. या माणसाने पाच वर्षं नाट्यगृह बांधलं आणि त्यात बायकांची खोली काढली नाही, ती बायकांच्या द्वेषाने नव्हे. त्याच्या आठवणीतल्या रंगभूमीवर बाई नव्हतीच. राण्या होत्या, दासी होत्या, गवळणी होत्या, आणि त्या सगळ्या प्रयोग संपल्यावर रंग पुसून विड्या ओढायच्या. खोली एकच लागायची.

आता इथे वाचकांची अपेक्षा असेल, की माझं मन द्रवलं. नाही द्रवलं. उलट तोवर मी त्याला मठ्ठ समजत होते, आणि मठ्ठपणा मी माफ करते; आमच्या मंडळात निम्मे लोक मठ्ठ होते. हा भित्रा निघाला. अंगात एवढी विद्या, आणि वखारीचा मालक झाल्यावर 'होतो म्हटलं ना' एवढ्यावर ती गाडून टाकली. आम्हाला तो माणूस आठवडाभर लाभता, तर माझ्या कितीतरी राण्या इतक्या गबाळ्या झाल्या नसत्या. त्याऐवजी त्याने आम्हाला पडदा दिला.

त्या दिवशी आबा पहिल्या रांगेत बसलेच नाहीत. दालनाबाहेर स्टूल टाकून बसले, आणि पांडूने चहा विचारला तर त्यालाही दारापासून चार हात लांब उभं केलं. नाटक सुरू झाल्यावर मी त्यांना विंगेत पाहिलं. साडेतीन फुटांत ते आणि आमचा लाकडी घोडा दोघंही मावत नव्हते, म्हणून घोडा बाहेर राहिला. प्रयोग रंगला. वैजूने दुसऱ्या अंकात तलवार उपसली तेव्हा मागच्या रांगेतून एका शेतकऱ्याने अशी काही शिट्टी घातली, की मास्तर संवाद विसरले. शेवटचा पडदा पडला आणि टाळी यायला क्षणभर उशीर झाला, कारण सुरुवात करणारा खुर्चीत नव्हता.

आत आल्यावर आबांनी वैजूला एवढंच सांगितलं, "तिसऱ्या प्रवेशात कासोटा ढिला होता. बसून उठायला सांगितलं होतं ना?" म्हणजे तिसऱ्या प्रवेशापर्यंत जागे होते! मग मला बाजूला घेतलंन. "शैला, ते मालगुंडचं बाहेर बोलायचं नाय."

"कोणतं मालगुंडचं, आबा?"

"तेच ते."

"मग दालन बायकांना द्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू वखारीत त्यांच्यापेक्षा वरचढ व्यापारी आला आहे. दिलं. मी शब्द पाळला. इतकी चविष्ट गोष्ट माझ्यासारख्या बाईने इतकी वर्षं पोटात ठेवली, यावरून माझ्या स्वभावातलं मोठेपण लक्षात यावं.

पण आबा ते आबाच. महिन्याभराने दालनाचं उद्घाटन झालं. नारळ, पाहुणे, हार, आणि भिंतीत संगमरवरी फरशी: 'महिला कलाकार कक्ष', खाली 'संकल्पना' म्हणून आबांचं संपूर्ण नाव. भाषणात म्हणाले, हे माझं पहिल्यापासूनचं स्वप्न. जुबेदाला इतका ठसका लागला, की तिला पाणी द्यावं लागलं. दारावरची 'अध्यक्ष' ही पाटी काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "सागवानी आहे," म्हणाले. "उगाच कशाला काढायची?" पुढच्या प्रयोगापासून ते पुन्हा पहिल्या रांगेत, हनुवटी छातीवर. जुबेदा म्हणते, ते झोपत नसत, त्यांना आमची कामं बघवत नसत. मी म्हणते, झोपतच असत. घोरणं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

ते गेले त्यानंतर चार-पाच वर्षांनी. शोकसभा नाट्यगृहातच झाली, त्यांच्या लाडक्या पडद्यापुढे. एका वक्त्याने त्यांना 'नाट्यवेडे' म्हटलं आणि माझ्या तोंडून हसू फुटलं. लोकांना वाटलं हुंदका. शेजारणीने पाठीवरून हात फिरवला. मीही तो फिरवून घेतला. नंतर घरी भेटायला गेले, तर आबांच्या पत्नी, काकू, एकट्या बसल्या होत्या, हातातल्या पदराच्या नुसत्याच घड्या घालत. म्हणाल्या, "संसार झाला गो एवढा, पण माझ्या निऱ्या ह्यांना कधी पटल्या नाहीत. लग्नकार्याला निघालं की दारात उभं करून परत घालायला लावायचे." त्यांना किती माहीत होतं ते मला कळलं नाही, आणि पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं नाही. आज त्याही नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

नाट्यगृह चालू आहे. शाळांची गॅदरिंगं, नाचाचे क्लास, गावोगावची नमनं, मुंबईची नाटकं, सगळं त्याच स्टेजवर. आमच्या मंडळात आता बायका जास्त आणि मास्तर पुरुष शोधत हिंडतात. वैजू लग्न होऊन चिपळूणला गेली, तरी प्रयोगाला येते आणि नव्या पोरींना बस-उठ करायला लावते. पडदा विटला आहे. पाटी तशीच आहे.

परवा आमच्या प्रयोगाच्या दुपारी, तारीख ठरवायला मुंबईहून आलेल्या एका नाटक कंपनीचे व्यवस्थापक, टाय लावलेले गृहस्थ, बोळात आले आणि पाटी वाचून त्यांनी अदबीने दार वाजवलं. "अध्यक्षसाहेब आहेत का? दोन मिनिटं भेटायचं होतं."

आतून वैजू ओरडली, "अध्यक्ष साडी नेसतायत! बाहेर थांबा!"